टेकडी श्वास घेते

"घेतली! टेकडीनं चिठ्ठी घेतली हो!"

सकाळी सहाला बागेत ही आरोळी उठली की तीनशे माणसं एकदम हात जोडायची. टेकडीच्या माथ्यावर, दगडांच्या मधोमध एक भोक होतं. त्यावर कागदाची चिठ्ठी धरायची, बोटं सोडायची, की चिठ्ठी सर्रकन आत. वारा नाही, वावटळ नाही, काही नाही! शेजारी श्वासबाबा डोळे मिटून बसलेले.

"बाळांनो, बाकीचे डोंगर मेलेले आहेत. ही टेकडी जिवंत आहे. सकाळी श्वास आत घेते, दुपारी बाहेर टाकते. ज्याची चिठ्ठी आत, त्याचा आजार आत. मग औषध घेणं म्हणजे टेकडीवर संशय घेणं!"

दुपारी येणाऱ्याची चिठ्ठी फुर्रकन उडून त्याच्याच तोंडावर यायची. त्याला बाबा सांगायचे, "तुझं पाप अजून शिल्लक आहे. एकवीस दिवस सेवा कर." सेवा म्हणजे बाबांचे पाय चेपायचे आणि बाबांच्या शिष्यांची जेवणं आणायची. पाप मात्र बरोबर एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला फिटायचं.

आता मी कोण? तर त्या टेकडीला श्वास घ्यायला लावणारा माणूस. देवबिव नव्हे, पाणीखात्यातला चावीवाला.

पन्नास वर्षांपूर्वी तिथे सपाट मैदान होतं. शहराला पाणी पुरेना, म्हणून मोठी टाकी बांधली. ऊन लागून पाणी तापू नये म्हणून तिच्यावर माती चढवली. त्या मातीच्या पाट्या माझ्या वडिलांनी डोक्यावरून वाहिल्या. वर हिरवळ आली, झाडं आली, भोवती बाग झाली, आणि आत टाकी आहे हे लोक विसरूनच गेले. टाकीत हवा जा-ये करायला माथ्यावर सहा नळ्या काढल्या होत्या. त्या वाईट दिसतात म्हणून भोवती शोभेचे दगड रचले. मी सकाळी सहाला चावी फिरवतो, शहराला पाणी सुटतं. टाकीतलं पाणी खाली उतरतं, तशी वरून हवा आत ओढली जाते. दुपारी पंप टाकी भरतात, हवा बाहेर येते. झाला श्वास! बाबांनी एवढंच केलं की पाच नळ्यांत चिखल आणि चिंध्या कोंबल्या. मग उरलेली एक जोरात ओढणार नाही तर काय करेल?

हे सगळं मला तीन महिने माहीत होतं. आणि मी काय केलं? ऑफिसात चहा पिताना सांगितलं, "अरे, चावी मी फिरवतो आणि पावतो बाबा!" सगळे पोट धरधरून हसले, साहेबसुद्धा. मग मी रोज नवा किस्सा रंगवून सांगायला लागलो. लोकांना वेड लागलंय, आपल्या बापाचं काय जातंय, असं म्हणायचो.

त्या दिवशी पावणेसहाला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या चावीच्या केबिनकडे जाताना माथ्यावरच्या रांगेत माझी धाकटी बहीण दिसली. तिच्या खांद्यावर माझी भाची, अकरा वर्षांची घोडी, लहान बाळासारखी टाकलेली. मी धावत वर गेलो. पोरीचे ओठ कोरडे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली, आणि श्वासाला सडक्या फळासारखा वास. भाचीला पाचव्या वर्षापासून साखरेचा आजार. रोज इंजेक्शन लागतं, एक दिवस चुकवून चालत नाही.

"इंजेक्शन कधी दिलंस?" मी विचारलं.

बहिणीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अगं, कधी दिलंस?"

"तीन दिवस झाले. दादा, चिठ्ठी घेतली रे टेकडीनं. दोनदा घेतली. आज तिसरी."

"मला विचारायचंस तरी!"

"तू हसला असतास."

मी पोरीला उचलायला हात घातला, तर बहिणीने माझा हात झटकला. "सहा वर्षं मी हिला सुया टोचतेय. ती रडते आणि मी टोचते. कुणीतरी म्हटलं पुरे, तर मला ते खरं वाटू दे ना! तुझं काम खाली पाण्याचं आहे. वर बोलू नकोस."

बाबांनी डोळे उघडले. "या माणसाच्या सावलीने पोरगी खंगेल. बाजूला करा याला." चार शिष्यांनी मला धरून उतारावर ढकललं. मी गडगडत केबिनच्या दाराशी आलो. सहा वाजले होते. मी चावीला हात लावला नाही, दारातूनच वर माथ्याकडे बघत राहिलो.

वर बहिणीने चिठ्ठी सोडली. ती भोकावर पडून राहिली. बाबा ओरडले, "घे, माते, घे!" चिठ्ठी ढिम्म.

"घेणार नाही!" मी खालून बोंबललो. "चावी माझ्याकडे आहे! आता फिरवतो, बघा!"

मी आटे फिरवायला लागलो. दहा, पंधरा. चिठ्ठी थरथरली आणि सर्रकन आत गेली. मी आटे उलटे फिरवले. "दुसरी ठेवा!" कुणीतरी ठेवली, ती हलली नाही. पुन्हा चावी सोडली, तीही गेली. तेव्हा बागेचा म्हातारा माळी पुढे झाला, त्याने एक दगड सरकवला, आणि नळीचं तोंड सगळ्यांना दिसलं. मी पाना घेऊन वर पोचलो, तोंड उघडलं. आत जाळी होती. जाळीला ओल्या चिठ्ठ्यांचा हा एवढा लगदा चिकटलेला. एकही चिठ्ठी कुठे गेली नव्हती.

"टेकडीची विटंबना!" बाबा गरजले, पण चपला शोधत गरजले.

बहिणीने लगद्यात हात घातला. तिच्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. 'माझ्या लेकीची सुई थांबव.' तिने त्या वाचल्या, आणि पोरीला माझ्या हातात दिलं. "पळ, दादा. पळ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीकडे बघून नुसतं "किती दिवस?" विचारलं आणि आतलं दार लावून घेतलं. आम्ही चार दिवस त्या दाराबाहेरच्या बाकावर होतो. चौथ्या दिवशी भाचीने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचली. अजून अर्धा दिवस गेला असता तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं."

तेव्हा बहिणीने माझ्याकडे वळून विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन महिने."

"ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही सगळे हसत होता?"

मी मान खाली घातली. अजून तिच्यासमोर ती वर होत नाही.

बाबा पळाला. दुसऱ्या गावात दुसरी टेकडी शोधेल. जाळीतल्या चिठ्ठ्या मी वाळवल्या, वाचता येतील अशा दोनशेच्या वर निघाल्या. कुणाचा दमा, कुणाची फिट, कुणाच्या बाळाचं हृदय. पत्ता एकीवरही नव्हता. यातल्या किती जणांनी औषधं बंद केली, कोण सांगणार?

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला तर आधी विचारा, हा कसा होतो, कुठल्या वेळेला होतो, आणि कुणाचा हात लागतो. आणि ज्यांना आधीच कळलंय त्यांनी चहा पिताना हसू नका. उठा, रांगेपाशी जा, आणि मोठ्याने सांगा. लोक शिव्या देतील, ढकलतील. द्या म्हणावं. त्या रांगेत तुमची बहीण उभी असेल, आणि तिने तुम्हाला सांगितलेलं नसेल.