विजयमालाकाकूंची वाटी

टण्ण!

दुपारच्या गाढ शांततेत वाटी ओट्यावरून पडली आणि रोहिणीनं पायाखाली दाबेपर्यंत फरशीवर गिरक्या घेत वाजत राहिली. झोळीतला धाकटा भाऊ संदेश नुसता चुळबुळला. आईचं घोरणं मात्र थांबलं.

मेलेच आता!

त्याचं असं झालं. गेल्या रविवारी शेजारच्या रिकाम्या घरात वालचंदनगरहून माणसं राहायला आली. टेम्पोतून कपाट उतरलं, कुंड्या उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी रोहिणीएवढीच एक मुलगी उतरली. राजेश्वरी. रोहिणीला आभाळ ठेंगणं झालं. जळोचीच्या त्या गल्लीत सगळे मुलगेच. ते क्रिकेट खेळायचे आणि बॉल गटारीत गेला की रोहिणीला पिटाळायचे.

पण राजेश्वरी दिवसभर बाहेरच येईना. खिडकीतून बघायची, नजरानजर झाली की पडद्याआड! दिवाळीची सुट्टी संपत आलेली. शाळेत तिला दुसरीच कुणी मैत्रीण मिळाली तर?

त्याच रविवारी संध्याकाळी तिच्या आईनं, विजयमालाकाकूंनी, पूजेचा शिरा वाटीतून धाडला. राजेश्वरीनं वाटी दारात ठेवली आणि धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच वाटीत दाण्याचे लाडू घातले. "कुणाचं भांडं रिकामं परत धाडू न्हाय, बाई," म्हणाली आणि स्वतःच देऊन आली.

झालं, संपलं. रोहिणी हिरमुसली.

पण मंगळवारी वाटी पुन्हा दारात! आत दोन पेरू. "आईनं दिल्यात," म्हणून राजेश्वरी चक्क अर्धं मिनिट थांबली.

आईला सांगावं, तर आईच वाटी पोचवायची. म्हणून रोहिणीनं पेरू गुपचूप खाल्ले, वाटीत शेंगा भरल्या आणि स्वतः देऊन आली. बुधवारी वाटीतून बिस्किटं आली, राजेश्वरी दोन मिनिटं थांबली. रोहिणीनं चिंचा धाडल्या. गुरुवारी आलं एक अख्खं वांगं! त्या दिवशी दोघी पायरीवर बसून गजगे उडवत-झेलत खेळल्या. 'काय ही काकू,' रोहिणीला वाटलं, 'दिऊन दिऊन दमत कशी न्हाय?'

आज, शुक्रवारी, गुळाची पाळी होती, तर भरायच्या आधीच वाटी ओट्यावरून निसटली.

"काय चाललंय गं?" आई दारात उभी. तिनं वाटी उचलली. काठावर कोरलं होतं, 'विजयमाला'. "ही मी सोमवारीच परत केली न्हवं का? हिला काय पाय फुटलं?"

रोहिणी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

आईनं एका हातात वाटी घेतली, दुसऱ्या हातात रोहिणीचं मनगट, आणि थेट शेजारी.

"अगं बया, माझी वाटी!" काकू ओरडल्या. "लाडू काढून मांडणीवर ठिवली ती गायबच झाली! चार दिस झालं शोधतीया."

"तुमीच धाडताय न्हवं का रोज?" रोहिणी बोलून गेली. "पेरू, बिस्किटं, वांगं..."

"मी? मी कशाला धाडू?"

दोघी आयांनी एकदमच आतल्या दाराकडं पाहिलं. पडद्याखाली दोन पाय दिसत होते, आणि ते थरथरत होते. हसण्यानं.

"राजे! वांगं तूच नेलंस व्हय? भाजीला एक कमी कसं, म्हणून मी भाजीवालीशी भांडले की गं!"

रोहिणी आ वासून बघत राहिली. म्हणजे काकू नव्हेच! आपण स्वतःला मोठं हुशार समजत होतो, आणि ही पडद्याआडची आपल्या चार पावलं पुढं!

हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं डोळे पुसत तिनं वाटी पुढं केली. "घ्या ताई, तुमची वाटी. आता ठिवा कुलपात. हितनं पुढं वाटी बंद."

रोहिणीनं आईच्या पदराचं टोक ओढलं. वाटी बंद, तर राजेश्वरी बंद.

राजेश्वरी पडद्यातून बाहेर आली. तिनं वाटीत डोकावून पाहिलं, रोहिणीकडं पाहून एक डोळा बारीक केला आणि अगदी साळसूदपणे विचारलं,

"काकू, रिकामीच दिली?"

आई गडबडली. "अगं... घाईत..."

"पण रिकामी धाडायची नसती ना? मग तुमी भरून दिली की आमी भरून द्यायची, आमी दिली की तुमी. तर काकू, हे बंद करायचं कुणी?"