न पडलेला उंदीर

लाल ब्लँकेट रोशनबीच्या हातावर ठेवलं गेलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा नवरा कमरुद्दीन पिंजारी प्लेगने जाऊन आठवडाही झाला नव्हता. पण खरं सांगते, मला तिचं दुःख दिसलंच नाही, ब्लँकेटच दिसलं. लढाईमुळे कापड कंट्रोलवर, माझं लुगडं ठिगळाठिगळांचं, आणि हिला सरकारातून फुकट!

आमचं सगळं काष्टी गाव तेव्हा घरं सोडून माळावर झोपड्यांत राहत होतं. ज्या घरात माणूस दगावलं किंवा उंदीर मरून पडला, त्या घरचं अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता जाळायचं आणि बदल्यात ब्लँकेट द्यायचं, असा हुकूम होता. आमच्या घरात मेला एक उंदीरसुद्धा पडला नव्हता.

मी पुढे झाले. "साहेब, आमच्यातबी पडला हुता उंदीर. लई मोठा."

"कधी?" प्लेगच्या साहेबाने विचारलं.

"गाव सोडायच्या दिशी. चुलीम्होरं."

आमचे मालक आसाराम माझ्याकडे बघतच राहिले. "कवा गं? मला कसा न्हाई दिसला?"

"तुमाला काय दिसतंय!" म्हणत मी त्यांना चिमटा काढला.

माझ्या चार गोधड्या जळाल्या, मालकांचं एकुलतं धड धोतर जळालं, आणि दोघांत मिळून एक ब्लँकेट आलं. वर दहा दिवस ओढ्यापलीकडे वेगळं राहायचं. माझी सख्खी जाऊ छबूबाई नाकाला पदर लावून लांबूनच ओरडली, "इकडं फिरकू नगंस बाई!"

ओढ्यापलीकडे शेजार एकच, रोशनबीचा.

तिथेही मी जळलेच. तिचं ब्लँकेट माझ्या ब्लँकेटपेक्षा जाड वाटायचं. वाळत घातलेलं हळूच चिमटीत धरून पाहिलं, तसंच होतं, तरी वाटायचं. आणि ती बाई रोज सकाळी आमच्या झोपडीपाशी यायची. तिच्या हातचं शिजवलेलं मला चालणार नाही हे तिला ठाऊक, म्हणून जळण आणायची, कधी मूठभर डाळ.

"राहीबाय, अंगात कणकन न्हाई ना? दाजींच्या बगलंत गाठ हाय का बघ. लाजू नगंस. आमच्या ह्यांनी दोन दिस सांगितलंच न्हाई मला."

मी मान हलवायचे. एकदा अगदी जिभेवर आलं होतं, की भाभी, उंदीर-बिंदीर काही पडला नव्हता. पण ब्लँकेट परत घेतील म्हणून गिळलं. माझ्या नवऱ्यासाठी ही बाई नमाजात दुवा मागत होती. मला कधी कुणासाठी असं काही मागावंसं वाटलं नव्हतं. मग मला तिच्या त्या मनाचाही हेवा वाटायला लागला.

अकराव्या दिवशी ती उजाडताच आली. मालक बाहेर राखुंडीने दात घासत होते, चांगले धडधाकट. त्यांना पाहून ती मातीतच बसली आणि रडायला लागली. मग पदराची गाठ सोडून तिने गुळाचा खडा काढला.

"वाचलं गं तुझं मानूस," ती म्हणाली. "एका घरातलं तरी वाचलं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी हात पुढे केला, गूळ तोंडात टाकला, आणि तिच्यासमोर तो सगळा खाल्ला.