मथळ्यापुरतं न्यायालय

आईने काळ्या कोटाचं बटण शिवलं, दोरा दातांनी तोडला आणि ती निघायला उठली.

“आज घरीच थांब ना,” मुलगी म्हणाली.

“थांबते की! मग संध्याकाळी बातमी येईल, ‘न्यायाधीश फरार’.”

दोघी हसल्या, पण बेताचंच.

बांधकामाची परांची कोसळून मजूर दगावले होते. अटकेतल्या बिल्डरविरुद्ध पोलिसांनी मुदतीत आरोपपत्रच दाखल केलं नाही. अशा वेळी कायद्याने जामीन द्यावाच लागतो. तिथे न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न नसतो. आईने जामीन दिला आणि आदेशात पोलिसांची खरडपट्टी काढली. न्यूज पोर्टलवर मात्र मथळा झळकला, ‘मजुरांच्या जिवाची किंमत शून्य, बिल्डरवर न्यायालय मेहेरबान!’ आरोपपत्राची गोष्ट अगदी तळाला, जाहिरातींच्या खाली, एका ओळीत. तिथवर उतरतो कोण?

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सुरू झालं. भाजीवाली म्हणाली, “मॅडम, तुम्ही कशाला घासाघीस करता? तुमचं तर आता भलं झालंय!” शेजारच्या वहिनी आई दिसली की लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागल्या. आई निमूट. न्यायाधीशाने काय बोलायचं ते आदेशात, बाहेर अवाक्षर नाही, हा तिचा दंडक. घरातही न्यायालयाचा विषय काढायची चोरी. मुलीने तो आदेश न्यायालयाच्या वेबसाइटवर शोधून वाचला होता. सांगावंसं फार वाटत होतं. पण आईने विषय काढला की बोलू, म्हणून ती थांबली.

बटण शिवून गेली त्याच दुपारी आई आपल्या दालनात खुर्चीतच कलंडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदयविकार.

पोर्टलने लिहिलं, ‘बिल्डरला सोडणाऱ्या न्यायाधीशांचा गूढ मृत्यू?’

मुलीने फोन लावला. पलीकडचा उपसंपादक मऊ आवाजात म्हणाला, “ताई, आम्ही कुठे काय म्हटलंय? प्रश्नच विचारलाय ना फक्त.” तिने फोन ठेवला. बातमी फिरत राहिली.

भेटायला आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. मामांनी डोळे पुसले. सख्खा भाऊ तो, आतडं तुटत होतंच. तरी म्हणाले, “माझी ताई सोन्यासारखी होती गं. पण त्या माणसाला सोडायला नको होतं तिने.”

“मामा, तुम्ही आदेश वाचलात?”

“आदेश कोण वाचत बसतं, बाळा? बातमी वाचली की.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाचा अंगठा मोबाइलवर सरकतच होता. यांना कुठून कुठवर समजवायचं, हे तिला कळेना. तिने आईच्या फोटोकडे तोंड केलं आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, मी वाचला होता गं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तू बरोबर होतीस.”