कुंकवाखालची धार

मी खंडा बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. मला देवळात बसवायचं आहे म्हणे, तर भाविकांना सांगायला माझी कहाणी पाहिजे. माणूस मेला त्याची चौकशी नाही, आणि लोखंडाला कहाणी विचारतात. बरं, ऐका. मध्ये बोलू नका.

आधी मी बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव होतो. धोंड्यांवरून ठेचकाळत जन्म गेला. गाडी मोडली तेव्हा एका लोहारानं मला भट्टीत लाल केलं आणि ऐरणीवर धरून बडवलं. बनुबाईच्या तमाशात वगातल्या लढाईला खणखणणारं हत्यार हवं होतं. कडा मात्र मुद्दाम बोथट ठेवल्या. माझ्यानं भाकरीसुद्धा तुटत नव्हती.

त्या फडात सहादेव दुष्ट सरदाराचं काम करायचा. साऱ्या नगर जिल्ह्यात त्याच्याइतक्या शिव्या कुणी खाल्ल्या नसतील. कोपरगावच्या जत्रेत एका म्हातारीनं वर चढून त्याला वहाणेनं बडवलं. दुसऱ्या एका गावात धोंडा बसून दात पडला. हा रक्त थुंकून हसला. बायकोला म्हणाला, "राहे, आज काम झ्याक झालं. दात घेतला लोकांनी."

राहीबाई हळद दाबत म्हणाली, "उद्या डोळा घेतील. मंग आंधळ्या सरदाराचं काम करा."

शेवटी सरदाराचा वध व्हायचा. नायकाचं काम छगनकडं. तो मला दोन्ही हातांनी उचलून सहादेवच्या खांद्यावर घालायचा. अंगरख्याखाली गोणपाटाची घडी असायची. छगननं हात आखडला की सहादेवच चिडायचा, "दम लावून हाण की रं! गोंजारतो काय? मी तुझी म्हैस हाय का?"

खांदा कायम काळानिळा. पण रोज खेळाआधी तो माझ्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मुठीपासून टोकापर्यंत. त्याशिवाय मला छगनच्या हातात द्यायचा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खंडेनवमीला आमचा मुक्काम पाथर्डीकडच्या एका गावात. सारं गाव खडी फोडायला जात होतं. खेळ तिथल्या भिमाजी पाटलानं ठरवलेला. नवमीला कुऱ्हाडी, पहारी, घण सगळं देवीपुढं मांडलं, त्यात मलाही नेलं. भिमाजीनं माझ्यावर बोट फिरवून तोंड वाकडं केलं.

"बोथट हत्यार देवीपुढं? गोरक्षा, लाव धार."

गोरक्षनाथ लोहार छिन्न्या पाजळत बसला होता. म्हणाला, "पाटील, तमाशाचा हाय त्यो. फडाला इचारू का?"

"देवी फडाची का गावाची? लाव म्हन्तो ना!"

कानशीनं माझी साल काढली, मग दगडावर घासलं. वरून कुंकू आणि झेंडूची फुलं. धार झाकून गेली.

पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलत नाहीत. बनुबाई तेच म्हणाली, "पाटील, आज वध न्हाई. लावण्या ऐका."

भिमाजी गरजला, "दिसभर दगूड फोडून आलीत मान्सं. सरदार मेल्याबिगर उठतील व्हय? देवीला मी सांगतो. घ्या खंडा!"

घेतला.

सहादेवनं अंगठा पुढं केला आणि थांबला. देवीचं कुंकू पुसायचं कसं? त्यानं मला कपाळाला लावलं आणि तसाच छगनच्या हाती दिला.

मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

छगननं दम लावून हाणलं, शिकवलं होतं तसं. गोणपाट फाटलं, मांस फाटलं, मी गळ्याजवळच्या हाडात रुतून बसलो. सहादेव लगेच पडला नाही. हळूच म्हणाला, "छगन्या, धार हाय रं." ऊन रक्त माझ्या मुठीपर्यंत आलं. आणि गाव शिट्ट्या मारत होतं! फेटे उडत होते! "वन्स मोर" ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज भिमाजीचा.

बनुबाई किंचाळली तेव्हा लोकांना कळलं. मग तेच लोक "तूच धार लावली" म्हणत छगनवर तुटून पडले. हातोड्याच्या दांड्यांनी त्याचा उजवा हात मोडला. सहादेवनं तिथंच बत्तीच्या उजेडात जीव सोडला. खोटी मिशी चिकटलेलीच होती.

नगरच्या कोर्टात छगन आरोपी आणि मी टेबलावर. भिमाजी शपथेवर बोलला, "म्या हात लावला न्हाई. देवीचा कोप. खंड्यालाच रगत पायजे हुतं."

मला? भाकरी न तोडणाऱ्याला?

गोरक्षनाथ साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि खरं ते भडभडा बोलून गेला. छगन सुटला, हात वाळला तो वाळलाच. गोरक्षनाथ परत गेला तर गावानं त्याची भट्टी फोडून ठेवलेली.

कोर्टातून राहीबाईनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या दारात बाभळीचे काटे तोडतो. परवा भिमाजी नारळ घेऊन तिथं आला.

"वहिनी, खंडा जागृत हाय. देवळात बसवू. देवीनं ह्याच्या हातून दुष्टाला मारलं, लोक मानत्यात."

राहीबाईचा हात थांबला नाही. "दुष्ट कोन, पाटील?"

"त्ये... वगातला."

"वगातला रोज मरून माज्याकडं जेवाया यायचा. त्या दिशी आला न्हाई."

मग तिनं मला पदराला पुसलं आणि मूठ त्याच्याकडं केली. "न्या की. पर आधी आत जावा. त्यांची तसबीर हाय. तिच्यापुढं सांगा, धार कुनी लावाय लावली."

भिमाजी उंबऱ्यापर्यंत गेला. पागोटं नीट केलं, नारळ उचलला आणि मागच्या मागं निघून गेला. वर आज तुम्हाला पाठवलं, कहाणी लिहून आणायला.

लिहा मग. देवळात मी येत नाही. सहादेवला दुष्ट ठरवून मला देव व्हायचं नाही. इथं काट्यांत गंजेन. पण एकाला त्या तसबिरीपुढं वाकलेला बघितल्याबिगर मोडणार नाही. नाव नीट लिहा त्याचं, सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात: भिमाजी पाटील.