मास्कमधला श्वास

नवरा रात्रीची बस चालवायचा आणि दिवसा झोपायचा. झोपेत त्याचा श्वास अडतो हे वर्षापूर्वी तपासणीत निघालं, तेव्हापासून हवेच्या मशीनचा मास्क लावूनच झोपायचं ठरलं. त्याची झोप मोडू नये म्हणून बायकोने शिलाई मशीन घरातून हलवलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या जिन्याखाली, एका कोंदट खोलीत मांडलं. दवाखान्यामार्फत बस कंपनीत जाणाऱ्या फॉर्मवर दर महिन्याला घरच्या माणसाची सही लागे : ‘रोज मास्क लावतात.’ ती डोळे झाकून करायची. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर काय शेजाऱ्यावर?

वर्ष झालं म्हणून दोघं दवाखान्यात दाखवायला गेली. डॉक्टरीणबाईंनी मशीनमधलं नोंदींचं कार्ड संगणकाला लावून आलेख पाहिला. “रोज सात तास मास्क? मग हे बसल्या बसल्या पेंगतात कसे?”

खरंच, तो खुर्चीतच कलंडला होता. घसा घरघरला आणि श्वास अडला. तिने मनात दहा आकडे मोजले, तरी याला जाग येईना. शेवटी तिने कोपर मारलं.

“बघा,” बाई म्हणाल्या, “झोप सारखी मोडत राहिली की श्वास अडला तरी शरीर जागं व्हायला उशीर लावतं. यांचं तसंच झालंय. आणि या कार्डातल्या श्वासासाठी मशीनला हवेचा जोर कधी वाढवावाच लागलेला नाही! हा माणूसच वेगळा आहे.”

नवऱ्याने मान खाली घातली. “भाऊ लावतो. माझा जीव गुदमरतो त्यात. मी आपला बाहेरच्या खोलीत पडतो.”

दीर! रोज सकाळी “वहिनी, दार हळू लावा, दादाचा डोळा लागलाय” म्हणून तिला बाहेर काढणारा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर दोघा भावांनी तिला वेड्यात काढलं होतं. आणि तिच्या बारा सह्यांच्या भरवशावर बसभर माणसं रोज रात्री या पेंगणाऱ्याच्या हाती जीव देऊन बसत होती.

नवऱ्याने फॉर्म पुढे सरकवला. “या खेपेला कर सही. पुढच्या महिन्यापासून लावतो, तुझ्या गळ्याशप्पथ.”

“माझा गळा सोडा, आधी तुमच्या गळ्याचं बघा.”

तिने सहीच्या जागी लिहिलं : ‘मी कधीच पाहिलेलं नाही.’ खाली पूर्ण नाव घातलं.

ते वाचून त्याचं तोंड पांढरं पडलं. “नोकरी जाईल माझी! घरभेदी निघालीस तू!”

“घरभेदी मी?” तिने फॉर्म डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.