पलटवलेली कॉलर

किळस हा शब्द मी जपून वापरते. दहा वर्षं बायकांचे घामट ब्लाऊज उसवून सैल करतेय, माझं नाक सहजी मुरडत नाही. पण त्या दुपारी मोबाईलवर जे पाहिलं, त्याची शिसारीच आली.

कळसाडीत माझं शिलाईचं दुकान आहे. गेल्या वर्षी कपाशीच्या वेचणीत मुंबईच्या एका डिझायनरची माणसं गावात आली. आमच्याकडे बाया वेचणीला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवतात, बोंडांची वाळकी टोकं हात ओरबाडतात म्हणून. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. जसोदाकाकींच्या सदऱ्यावर तर त्यांची नजरच खिळली. रूपचंदकाका जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा हा एवढा एकच सदरा काकींनी ठेवलेला. कॉलर विरली तेव्हा मीच ती उसवून पलटवून दिली होती, कोपरावर चौकडीचं ठिगळ लावलं होतं. "हे काम कुणाचं? काय सुंदर!" त्यांच्यातली एक पोरगी म्हणाली आणि मी फुगले. पाहुण्यांनी सदरा नमुना म्हणून मागितला, पण काकी द्यायला तयार नव्हत्या. मीच गळ घातली, "आठ दिनमा परत देतीन, काकी. मी शे ना."

आठ दिवसांचं वर्ष झालं. काकी दुकानावरून जाताना विचारायच्या, "उना का वं मन्हा सदरा?" मी फोन लावायचे. तिकडून "नक्की पाठवतो, ताई" एवढंच यायचं.

वेचणी पुन्हा तोंडावर आली आणि त्या पोरीने व्हिडिओ पाठवला. पुढच्या वसंत-उन्हाळ्याचं कलेक्शन म्हणे. थंडीत, दवात भिजत घालायचा सदरा यांनी उन्हाळ्याचा केला! गालफडं बसलेल्या मुली शेणात पाय पडल्यासारखी तोंडं करून चालत होत्या. गुडघ्यांना चिखल फासलेला, तोही दोन्हीकडे मोजून सारखा. कमरेला वेचणीची ओटी, आणि तिच्यात कापूस नाही, कुत्र्याचं पिल्लू. समोरचे लोक हातात ग्लास धरून माना डोलवत होते.

सगळ्यांत शेवटी आली ती काकांचा सदरा घालून. काकी शेजारीच बसल्या होत्या. मी फोन बाजूला घ्यायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. बाह्या खांद्यापासून कापलेल्या, पाठ उभी फाडून मध्ये मोती ओवलेले. माझी पलटवलेली कॉलर तेवढी जशीच्या तशी. टाळ्या थांबेनात.

"बाह्या कापी टाक्यात वं," काकी म्हणाल्या. "त्यास्ना हात लांब व्हतात. बाही मन्हा बोटेसवर ये."

मी तिथल्या तिथे त्या पोरीला फोन लावला. ती गोड आवाजात म्हणाली, "ताई, तो पीस तर विकला गेला. पण आम्ही पडद्यावर आभार मानलेत ना, गावातल्या अनाम हातांचे!" माझ्या तोंडून जी शिवी गेली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. तिची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझी मला आली. कौतुकाच्या दोन शब्दांसाठी मी काकींच्या अंगावरचा सदरा उतरवून दिला होता.

कपाटातून चांगलं सुती कापड काढलं. "काकी, आजच नवा शिवी देसू. लांब बाह्यास्ना," म्हणत गळ्यातली टेप उलगडली.

काकींनी टेपेचं टोक हातात धरलं.

"माप कोनं लेशी, मन्हं का त्यास्नं?"