लपवलेली किसणी

वडील गेल्यावर सात महिन्यांनी लिलियाना पहिल्यांदा त्यांच्या गावी, सोम्मातिनोला आली. पिशवीत वडिलांचा, गास्पारेंचा, चिनीमातीवर उतरवलेला फोटो होता. दफन बेल्जियममध्ये झालं होतं. निदान फोटो तरी इथे, त्यांच्या आईवडिलांच्या थडग्यावर बसावा एवढीच तिची इच्छा. पण त्याला आत्याचा होकार हवा होता.

नुंझिया आत्याने फोटो एप्रनला पुसला आणि कपाटावर पालथा ठेवला.

"आईच्या मातीला आला नाही. आता तिच्या उशाशी येऊन बसणार होय?"

ते का आले नाहीत, हे लिलियानाला ठाऊक नव्हतं. वडिलांनीही ते कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी नोव्हेंबरची पहिली तारीख. जेवणं झाल्यावर तिने भांडी घासून जागच्या जागी लावली. थोड्या वेळाने आत्या फडताळात शोधाशोध करू लागली.

"किसणी कुठं घातलीस गं?"

"पिठाच्या डब्यामागे." लिलियाना ओशाळली. "सवयीनं गेला हात. पप्पा दरवर्षी या दिवशी लपवायचे. आई बेल्जियमची, ती वैतागायची. कारण विचारलं की म्हणायचे, तळपाय जपायला हवेत."

आत्या खुर्चीत बसली.

"आज आपली गेलेली माणसं घरी येतात. गुणी पोरांना खाऊ ठेवतात आणि द्वाडांचे तळपाय किसणीने किसतात. तुझ्या बापाइतकं द्वाड कार्टं या गल्लीत नव्हतं. आई किसणी लपवायची, तरी हा तीनदा उठून बघून यायचा." ती लिलियानाकडे वळली. "कधीपर्यंत लपवत होता?"

"गेल्या वर्षीपर्यंत. ऑक्सिजनची नळी ओढत गेले स्वयंपाकघरात."

"ऐंशीचा घोडा," आत्या म्हणाली. मग तिचे खांदे हलू लागले. हसते आहे, हे लिलियानाला जरा उशिरा कळलं. "म्हणजे आईची भीती होती तर गाढवाला. ती येऊन जाब विचारेल म्हणून."

सकाळी लिलियानाच्या उशाशी बशी होती. बशीत साखरेचा घोडेस्वार आणि बदामाच्या गोळ्याचं अंजीर. बावन्न वर्षांत असा खाऊ तिला कुणी ठेवला नव्हता.

"आत्या, हे तुम्ही..."

"मी कशाला? ज्याची पोर, त्याने ठेवलं." आत्या काळा कोट घालून दारात उभी होती. बगलेत फोटो होता. "आवर लवकर. गवंडी दुपारी जेवायला गेला की संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नाही. आणि त्याला सांगायचं, आईच्या बाजूला बसव. बोलू देत दोघांना काय ते."

अंजीर तोंडात टाकून लिलियानाने बूट चढवले. किसणी डब्यामागेच राहिली.